कात्रण आणि कायदा

वर्तमानपत्राचे कात्रण न्यायालयात स्वतःच्या बळावर पुरावा ठरत नाही, हे वकिलीच्या पहिल्या वर्षातच कळून चुकते. बातमीदाराने जे ऐकले ते सांगणाऱ्याला साक्षीच्या पिंजऱ्यात यावे लागते. अरुणा रॉय यांनी मजदूर किसान शक्ती संघटनेतील सहकाऱ्यांसह सिद्ध केलेला ‘द आर. टी. आय. स्टोरी : पॉवर टू द पीपल’ (२०१८) हा इंग्रजी ग्रंथ वाचताना एका कात्रणाने बजावलेली कामगिरी आम्हांस म्हणूनच विशेष वाटली.

एप्रिल १९९५ मध्ये राजस्थानचे मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत आश्वासन दिले की, गावच्या विकासकामांवरील खर्चाच्या कागदपत्रांच्या नकला नागरिकांस मिळतील. वर्तमानपत्राने ते छापले. संघटनेचे लोक ते कात्रण घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागले. परंतु आश्वासनामागे आदेश निघालाच नव्हता. वर्ष उलटल्यावर, ६ एप्रिल १९९६ रोजी, ब्यावर येथे धरणे सुरू झाले आणि ४० दिवस चालले. न्यायालयाने जे ग्राह्य धरले नसते, ते चव्हाट्यावर ग्राह्य ठरले!

या यशाची तयारी मात्र आधीच झाली होती. २ डिसेंबर १९९४ रोजी कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी भरली. तिची रीत साधी होती. हजेरीपट, देयके आणि पावत्या गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायच्या. ज्यांची नावे त्यांत आहेत त्यांनी उठून सांगायचे, आपण कामावर होतो की नव्हतो, मजुरी मिळाली की नाही. अधिकाऱ्यांनाही उत्तर देण्यास वाव असे. पत्रकारास येथे कोणाच्या शब्दावर विसंबावे लागत नसे. कागद आणि माणूस, दोन्ही त्याच्या डोळ्यांपुढे असत. संस्थेने पत्रकाराला द्यावयाचे ते हेच, असे आम्हांस वाटते.

‘जनसत्ता’चे संपादक प्रभाष जोशी या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. इंदूरच्या ‘नई दुनिया’त घडलेल्या या पत्रकाराविषयी आमच्या माळव्यातील वाचकांना वेगळे सांगणे नको. १९९६ मध्येच माहितीच्या अधिकारासाठी राष्ट्रीय मोहीम स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ज्येष्ठ पत्रकार होते. न्यायमूर्ती पी. बी. सावंत अध्यक्ष असलेल्या भारतीय वृत्तपत्र परिषदेने विधेयकाचा मसुदाही तयार केला. गोव्याने १९९७ सालीच स्वतःचा कायदा केला. केंद्राचा कायदा २००५ मध्ये आला.

ग्रंथ ही कथा ‘आम्ही’च्या मुखाने सांगतो. श्रेय कोणा एका नेत्याकडे न जाता मजूर बायामाणसांपर्यंत पोचते, हा त्या निवेदनाचा मोठा गुण. दोषही त्यातूनच उद्भवतो. सर्वच सहप्रवासी एका ‘आम्ही’त मिसळले की, पत्रकार कोठे संपला आणि कार्यकर्ता कोठे सुरू झाला, हे उमजत नाही. ग्रंथ पत्रकारांचे ऋण मानतो. त्यांची उलटतपासणी घेत नाही. मोहिमेचा संस्थापकच संपादकाच्या आसनावर असेल, तर मोहिमेच्या चुका कोणी छापाव्यात? ज्या प्रकरणात आपणांस साक्षीदार व्हावे लागेल त्याचे वकीलपत्र घेऊ नये, असा आमच्या व्यवसायाचा दंडक आहे. तो येथेही विचारात घेण्याजोगा आहे.

यावर उत्तर आहे, आणि ते सबळ आहे. सरकारी कागद पाहण्याचा हक्क हा पत्रकाराचाही स्वतःचा प्रश्न होता. त्यासाठी तो लढला तर परक्याचे वकीलपत्र घेतले असे होत नाही. हे आम्हांस मान्य. पण हक्काच्या मागणीत भागीदार होणे वेगळे आणि निष्कर्षात भागीदार होणे वेगळे. ही रेषा ग्रंथाने स्पष्ट आखावयास हवी होती.

रेषा पुसली की काय होते, ते आम्ही आमच्याच वकिलीत पाहिले आहे. एका गावच्या पाणीयोजनेतील अफरातफरीचा मजकूर एका सेवाभावी संस्थेने स्थानिक पत्राकडे तयार धाडला. पत्राने तो जसाच्या तसा छापला. बदनामीची फिर्याद झाली, तेव्हा संपादकांनी संस्थेकडे बोट दाखवले आणि संस्थेने संपादकांकडे. मूळ देयके दोघांपैकी कोणीच पाहिली नव्हती. तक्रार बहुधा खरी होती. तरीही माफी मागून प्रकरण मिटवावे लागले, आणि ज्यांच्या नळाला पाणी नव्हते त्यांचे गाऱ्हाणे कायमचे बुडाले. उतावळ्या मैत्रीची किंमत अखेर त्यांनीच मोजली.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर काळ पालटला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधील व्यक्तिगत माहितीविषयीच्या तरतुदीत बदल करून नकाराची सबब रुंद केली. व्यापक लोकहिताचा अपवाद त्याच कलमात अन्यत्र शिल्लक आहे, हे खरे. पण तो सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच येऊन पडण्याचा संभव आहे. हजेरीपटावरील नावच झाकले गेले, तर गावसभेत उठून ‘मी त्या दिवशी कामावर नव्हते’ असे कोणती बाई सांगणार?

म्हणून संस्था आणि वृत्तपत्रे यांची गरज आज परस्परांस अधिक आहे. त्यांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा, आणि त्यातून एवढे तरी घ्यावे : कागद दोघांनी मिळून मिळवावा; निवाडा मात्र ज्याचा त्याने स्वतंत्रपणे करावा.