हरवलेली पाने आणि समीक्षा : वामन नावेलकर यांच्या संदर्भात

चित्रकाराच्या विद्यार्थिदशेतील रेखावहीकडे समीक्षा बहुधा केवळ पूर्वतयारी म्हणून पाहते. वामन नावेलकर (१९२९-२०२१) यांच्या संदर्भात ही दृष्टी अपुरी ठरते. गोव्यातील पोंबुर्फा येथील नावेलकर १९५४ मध्ये शिष्यवृत्तीवर लिस्बनच्या ललित कला विद्यालयात गेले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर भारताचा निषेध करणाऱ्या निवेदनावर स्वाक्षरी करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. पुढे मोझांबिकमध्ये अध्यापन, तेथेच बंदिवास आणि १९७६ मध्ये लिस्बनला परतताना रेखाचित्रांची पेटी गहाळ, असा हा प्रवास आहे.

या हानीमुळे त्यांच्या उत्तरकालीन वाहत्या रेषेस ‘विस्थापनाची रेषा’ म्हणण्याचा मोह होतो. परंतु वर्गातील मानवाकृतीचा सराव कोठे संपला व स्वतःची रेषा कोठे सुरू झाली, हे तारखांसह असलेली पानेच सांगू शकतात. पाने नसली की समीक्षक चरित्रातील दुःख चित्रात वाचू लागतो. दिवंगत भावाच्या ‘गणेश’ या नावाने केलेली स्वाक्षरी हा मात्र प्रत्यक्ष चित्रावरील पुरावा होय; विवेचनाचा प्रारंभ तेथून करणे अधिक न्याय्य ठरेल.

पाताळगंगेकाठच्या आपट्यासारख्या गावातून कलाशिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याची वही गुणदानानंतर रद्दीत गेली, तर तीच हानी येथेही घडते. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयांनी अशा वह्या तारखेनिशी नोंदवून जतन करणे अगत्याचे आहे.