सोळावा आवाज

मी बालसाहित्याचा समीक्षक नाही. आमच्या पिढीला बालसाहित्य असे काही लाभलेच नाही. शाळेचे क्रमिक पुस्तक हेच पहिले आणि बरीच वर्षे एकमेव पुस्तक. त्यामुळे अमेरिकेत इलिनॉय राज्यात लेकीकडे राहिलो असताना सहा वर्षांच्या नातीबरोबर जी चित्रपुस्तके वाचली, त्यांच्यावर लिहिण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकाराचा प्रश्न आपल्याला नेहमीच विचारला जातो. तो बाजूला ठेवून लिहितो.

सप्टेंबर सरत आला की तिथल्या ग्रंथालयात मुलांच्या दालनातली एक फळी भोपळ्याच्या आणि पानझडीच्या पुस्तकांनी भरते. ही पुस्तके गोष्टींची नव्हेत, माहितीची. बी कसे रुजते, वेल कसा धावतो, पाने लाल का होतात, हे पाच-सहा वर्षांच्या मुलाला कळेल अशा भाषेत आणि मोठ्या चित्रांत सांगायचे, ही त्यांची प्रतिज्ञा. ती बरीचशी पाळलेली आहे, हे आधीच कबूल करतो. जीन टिदरिंग्टन यांच्या 'पम्पकिन, पम्पकिन' (१९८६) मध्ये रंगीत पेन्सिलींची मऊ चित्रे आहेत. जेमी नावाचा मुलगा एक बी लावतो, भोपळा धरतो, वाढतो, आणि शेवटी जेमी पुढच्या वसंतासाठी सहा बिया राखून ठेवतो. गेल गिबन्स यांचे 'द पम्पकिन बुक' (१९९९) आणि वेंडी फेफर यांचे 'फ्रॉम सीड टु पम्पकिन' (२००४) अधिक शास्त्रीय. भोपळ्याच्या वेलाला नर फुले आधी येतात, मादी फुले मागाहून. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो. फूल एका सकाळपुरते उमलते आणि तेवढ्यात माशी फिरकली नाही तर तो भोपळा पिवळा पडून गळतो. मला हे साठीनंतर नीट कळले. माझ्या आईला ते न वाचता ठाऊक होते. पुस्तकावर बोट ठेवून नात मला शिकवीत होती आणि मी शिकत होतो, यात मला कमीपणा वाटला नाही.

खटकले ते पुढे. या पुस्तकांत बी आहे, माती, पाऊस, ऊन, मधमाशी आहे. एक शेतकरी आहे किंवा परसात बागकाम करणारे मूल आहे. मजूर हा शब्द नाही. मजुरी, खाडा, मुकादम हे तर नाहीतच. भोपळा पिकतो आणि मग तो घराच्या पायरीवर असतो. मधल्या वाटेवर कोणी नाही.

हा अनुभव मला नवा नव्हता. आमच्या क्रमिक पुस्तकातही शेतकरी होता. पागोटेवाला, बैलजोडीवाला. माझी आई जन्मभर लोकांच्या शेतात राबली, पण ती त्या चित्रात बसत नव्हती, कारण तिच्या नावावर सातबारा नव्हता. पिकलेले डांगर विळ्याने देठापासून कापून बांधावर आणून ठेवायचे, हे तिचे काम. शेतकरी मात्र दुसराच. चित्र पाहून मी तिला विचारले होते, "आपण कोण?" तिने उत्तर दिले नाही. तिला स्वयंपाक होता.

ऑक्टोबरात लेकीने आम्हांला भोपळ्याच्या शेतावर नेले. तिथे तिकीट काढून मुलांना आत सोडतात आणि मुलाने आपला भोपळा 'तोडून' आणायचा असतो. नातीने एक निवडला, ओढला, तो सहज उचलला गेला. ती हिरमुसली. देठ आधीच कापलेला होता. सुबक, तिरका, लोखंडी कात्रीचा. भोपळे तोडून पुन्हा शेतात मांडून ठेवलेले होते. शेताच्या पलीकडच्या अंगाला खरी तोडणी चालू होती. काही माणसे वाकून देठ कापीत पुढे सरकत होती, मागची माणसे हातोहात भोपळे फेकीत एका गाडीत भरत होती. ती गाडी म्हणजे छप्पर कापून काढलेली शाळेची जुनी बस होती. नात म्हणाली, "आजोबा, ही माणसं आपल्या पुस्तकात नाहीत."

डबाबंद गरासाठी जो भोपळा लावतात तो वेगळा, फिकट तपकिरी, लांबट. त्याची काढणी यंत्राने होते, कारण तो चिरडला तरी बिघडत नाही. पायरीवर ठेवायचा नारिंगी भोपळा मात्र ओरखड्याशिवाय आणि देठासकट लागतो, म्हणून तो माणसाच्या हाताने तोडावा लागतो. म्हणजे खाण्याच्या भोपळ्याला यंत्र चालते, शोभेच्या भोपळ्याला माणूस हवा. तो हात चित्रात आला असता तर माहितीच वाढली असती. माहितीच्या पुस्तकावर माझा हा पहिला आक्षेप माहितीचाच आहे.

आता ज्या पुस्तकामुळे मी हा लेख लिहायला बसलो त्याकडे येतो. डेव्हिड श्वार्ट्झ यांचे शब्द आणि ड्वाइट कून यांची छायाचित्रे असलेले 'रॉटन पम्पकिन' (२०१३). सण संपल्यावर टाकून दिलेला, डोळे-तोंड कोरलेला भोपळा कसा कुजतो, याची ही कथा आहे, आणि ती पंधरा आवाजांत सांगितली आहे. माशी बोलते, गोगलगाय बोलते, बुरशी बोलते, गांडूळ बोलते. प्रत्येक जण 'मी' म्हणून बोलतो, मी काय खातो, कसे खातो, माझ्यावाचून काय अडते ते सांगतो. छायाचित्रे किळस आणणारी आणि सुंदर. नातीने ती हसत पाहिली. मी हसू शकलो नाही. कुजलेले निस्तरण्याचे काम ज्यांच्या वाट्याला बांधून दिले होते, गावचे मेलेले ढोर ज्यांनी ओढले, त्यांच्या घरात मी जन्मलो. त्या कामाला इथे प्रतिष्ठा आहे, आवाज आहे, आत्मकथन आहे. बुरशीला आत्मकथन आहे! आमच्याकडे माणसाने आत्मकथन लिहिले तेव्हा ते साहित्य आहे की नाही, यावर परिसंवाद झडले. मी हे पुस्तक फार चांगले मानतो. म्हणूनच त्याला विचारावेसे वाटते: पंधरा जण बोलले, देठ कापणारा सोळावा कुठे आहे?

पुस्तकाचा विषय कुजणे आहे, तोडणी नव्हे, हे उत्तर मला मान्य आहे. पण मग ते संपूर्ण फळीला द्यावे लागेल. आणि 'लहान मुलांना कशाला हे?' असे म्हणणाऱ्यांना सांगायचे, की ज्या मुलाला तुम्ही मृत्यू, सडणे आणि अळ्या दाखविल्यात, त्याला वाकलेली पाठ दाखविल्याने ते कोमेजणार नाही. शिवाय ही गोष्ट त्याच्या वयाला फारशी दूरचीही नाही. तिथल्या संघराज्याच्या कायद्याप्रमाणे बारा वर्षांचे मूल आईबापांच्या संमतीने शाळेच्या वेळेबाहेर शेतात मजुरी करू शकते. हा कायदा १९३८ चा. किमान वेतन आणि जादा कामाचा दीडपट दाम त्याने इतर कामगारांना दिला, शेतमजुरांना वगळले. दक्षिणेत तेव्हा शेतमजूर मोठ्या संख्येने काळे होते. किमान वेतनाची कक्षा १९६६ च्या दुरुस्तीने त्यांतल्या काहींपर्यंत आली. जादा कामाचा दाम तो कायदा त्यांना आजही देत नाही.

मात्र मजूर नुसता रंगविला म्हणजे झाले, असे मी म्हणत नाही. २०१५ साली 'अ फाइन डेझर्ट' या चित्रपुस्तकात चार शतकांतली चार कुटुंबे एकच गोड पदार्थ करताना दाखविली. त्यांतले एक घर १८१० चे, चार्ल्स्टनमधले, आणि पदार्थ करणाऱ्या गुलाम मायलेकी. त्या हसताना दिसतात, यावरून मोठा वाद झाला. लेखिका एमिली जेन्किन्स यांनी माफी मागितली आणि आपले मानधन बालसाहित्यातील विविधतेसाठी झटणाऱ्या संस्थेला दिले. आपल्याकडे असे कोणी केल्याचे मला आठवत नाही. उलट लोइस एलर्ट यांचे 'रेड लीफ, यलो लीफ' (१९९१) पाहा. मेपलच्या झाडाचे पुस्तक, पण त्यात रोपवाटिकेची माणसे रानात येऊन रोपे नेतात. त्यांच्यावर काही भाष्य नाही, ती कामापुरती येतात. एवढेही पुरते.

राहिला भोपळ्याच्या कुळाचा प्रश्न. दहा हजार वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोतल्या ओआहाका भागात माणसे भोपळ्याची लागवड करीत होती, याचा पुरावा तिथल्या गिला नाकित्झ गुहेत सापडलेल्या बियांनी दिला. आपला लाल भोपळाही तिकडूनच आलेला. दुधी तेवढा जुना. 'स्क्वॉश' हा इंग्रजी शब्द नॅरागॅन्सेट या मूळनिवासी लोकांच्या भाषेतून उचललेला आहे. 'कीपुनुमुक' (२०२२) हे मूळनिवासी लेखकांनी लिहिलेले चित्रपुस्तक याच फळीच्या टोकाला होते; त्यात वाम्पानोआग आजी नातवंडांना मका, घेवडा आणि भोपळा या तीन बहिणींच्या तोंडची हकिकत सांगते. ग्रंथालयाने त्याला 'कथा' ही चिठ्ठी लावली होती, बाकीच्यांना 'माहिती'. आणि अमेरिकेच्या शेतांवर आज राबणाऱ्यांत मेक्सिकोतून आलेल्यांचा भरणा मोठा आहे. ज्या देशाने भोपळा दिला त्याच देशाची माणसे त्याचा देठ कापतात, आणि ही गोष्ट ना कथेच्या चिठ्ठीत बसते ना माहितीच्या.

नोव्हेंबरात आमच्या पायरीवरचा भोपळा खचू लागला. नात रोज पुस्तक घेऊन त्याच्याजवळ बसे आणि कोणता आवाज आला ते ताडून पाही. बुरशी सापडली, माशी सापडली. मला गोगलगायीचा आवाज काढायला लावी. एके दिवशी तिने विचारले, "तोडणाऱ्याचा कोण काढणार?" मी तिला तिच्या पणजीचे सांगितले. सगळे नाही, बांध, विळा, आणि मजुरीवर एखादे किडके डांगर मिळायचे, एवढेच.

"पणजीला कात्री नव्हती?"

"नाही. विळा."

तिने भोपळ्याचा देठ चाचपून पाहिला. तो अजून टणक होता.