विलंब की वळण?

‘दूरदर्शन : शाप की वरदान’ हा विषय एके काळी शालेय निबंधाच्या वहीत हमखास असे. पहिल्या परिच्छेदात वरदान, दुसऱ्यात शाप आणि अखेरीस ‘सारे वापरणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून आहे’ हा सर्वांना सुखावणारा निष्कर्ष. दूरदर्शनच्या जागी संगणक आला, संगणकाच्या जागी मोबाइल आला. निबंधाचा साचा मात्र जसाच्या तसा राहिला. मुलांच्या हाती हे यंत्र केव्हा व कसे द्यावे, याविषयी अलीकडे मराठीत जे विपुल लेखन होत आहे, त्यातही तोच साचा प्रौढ वेषात वावरताना दिसतो. एक पक्ष म्हणतो, होईल तितके उशिरा द्या. दुसरा म्हणतो, द्या, पण मार्गदर्शन करा. दोन्ही पक्षांचा हेतू शुद्ध आहे. परंतु दोघांनीही एक पालक गृहीत धरलेला आहे : संध्याकाळी घरी असणारा, यंत्र मुलापेक्षा अधिक जाणणारा आणि देणे-न देणे ज्याच्या हाती आहे असा. प्रस्तुत लेखात या गृहीताचीच परीक्षा करावयाची आहे, आणि ती जालना जिल्ह्याच्या भूमीवर उभे राहून करावयाची आहे.

प्रथम विलंबाच्या पक्षाचा विचार करू. महाराष्ट्रात या पक्षाला दोन गावांनी कृतीचे रूप दिले. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. तो वाजला की दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवायचे, मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचन वा संवाद करायचा, असा तो गावाचा निर्णय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. वृत्तपत्रांनी दोन्ही गावांचे कौतुक एकाच सुरात केले. वस्तुतः हे दोन निर्णय परस्परांहून भिन्न आहेत. बान्सीचा नियम मुलाला बांधतो. वडगावचा भोंगा मुलाइतकाच बापालाही बांधतो. एकात वडीलधारे न्यायासनावर बसलेले आहेत, दुसऱ्यात ते मुलाशेजारी सतरंजीवर बसलेले आहेत. म्हणूनच वडगावचा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो.

तथापि वडगावच्या भोंग्यालाही एक अट आहे. सात वाजता माणसे घरी असली पाहिजेत.

जालना जिल्ह्यात नेमकी हीच अट अवघड आहे. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्याची ओळख बी-बियाणे, मोसंबी आणि पोलादाच्या कारखान्यांमुळे सर्वदूर झाली. पण अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील कित्येक वाड्या-तांडे दिवाळीच्या सुमारास रिकामे होतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची गणतीच हत्याराने होते. हे कोयते सांगली, सातारा, कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. सोबत नेलेल्या मुलाची शाळा सुटते. मागे ठेवलेले मूल आजी-आजोबांकडे वा शाळेशी जोडलेल्या हंगामी वसतिगृहाच्या आधाराने राहते. पाच-सहा महिने त्या मुलाची आई कोठे असते? ती फोनमध्ये असते. फडावरून कोपीवर परतल्यावर, भाकरी थापण्याआधी वा नंतर, जो काही वेळ मिळेल त्यात तिचा आवाज येतो, आणि जाळे धड असेल तर तिचा चेहराही दिसतो. ज्या घटकेला वडगावात सारे फोन मुके करावयाचे, तीच घटका घनसावंगीच्या एखाद्या वाडीत आईच्या आवाजाची असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी अधिकात अधिक एक तास पडद्यासमोर, आणि त्याहून कमी तर उत्तमच, अशी मर्यादा सुचविली. ही मर्यादा योग्यच आहे. पण या वाडीतील आजीने आईचा चेहरा त्या तासात मोजावा की तासाबाहेर? वैद्यकाला तासाचे माप पुरते. आजीला त्या पडद्यात कोण आहे हेही पाहावे लागते.

आता मार्गदर्शनाचा पक्ष. तो अधिक सुसंस्कृत भासतो, कारण त्यात बंदीचा कठोरपणा नाही. मात्र मार्गदर्शक हा मार्ग जाणणारा असावा लागतो, आणि येथे नेमके उलटे घडलेले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मोबाइलवर पिकाची नोंद करावी, छायाचित्र जोडावे, मग ती सातबाऱ्यावर चढावी, अशी ही रीत. ज्या घरात बापाला अक्षरांची ओळख जेमतेम, तेथे ही नोंद आठवी-नववीतला मुलगा करतो. पीकविम्याचा अर्ज तोच भरतो, बँकेचा संदेश तोच वाचून दाखवितो. बाप बांधावर नुसता उभा. अशा बापाने त्या मुलास यंत्राच्या वापराविषयी मार्गदर्शन करावे असे म्हणणे उपहासासारखे वाटते. कायद्याची स्थितीही याहून वेगळी नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदासंरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याची तरतूद आहे. तत्त्व उत्तम. पण संमतीचा मजकूर ज्या घरात मूलच वाचून दाखविणार, तेथे संमती कोणाची? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली, तेव्हा उत्तरदायित्व कंपन्यांवर ठेवले. पालकाला वा मुलाला दंड नाही. त्या धोरणाच्या परिणामाविषयी मतभेद असू शकतील, पण ओझे कोणाच्या खांद्यावर असावे हा प्रश्न त्याने उचित जागी नेला, हे मान्य करावे लागेल.

याच पालकाला थोड्या वर्षांत दोन परस्परविरोधी उपदेश ऐकावे लागले, हेही विसरता येणार नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास भ्रमणध्वनीवरून येऊ लागला. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग भरू लागायला डिसेंबर २०२१ उजाडले. त्या काळात शाळेनेच सांगितले की मुलाच्या हाती फोन द्या. ज्याने दिला नाही तो बेजबाबदार ठरला. कोणी शेळी विकून, कोणी उसनवारी करून फोन घेतला. शाळा उघडल्यावर तीच व्यवस्था सांगू लागली की फोन काढून घ्या. ज्याला ते जमले नाही तोही बेजबाबदार ठरला. उपदेश करणाऱ्यांची बाजू बदलली, पण दोष मात्र त्याच दाराशी राहिला.

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीतील आकडे येथे बोलके आहेत. ग्रामीण भारतातील चौदा ते सोळा वयोगटात सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. आधीच्या आठवड्यात त्याचा उपयोग शिक्षणासाठी केल्याचे ५७ टक्क्यांनी सांगितले, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. म्हणजे देण्याचा प्रश्न बहुतांश घरांत संपलेला आहे. फोन वापरू शकणाऱ्या मुलांपैकी किती जणांकडे स्वतःचा फोन आहे, हे पाहू गेल्यास आणखी एक भेद दिसतो. मुलगे ३६.२ टक्के, मुली २६.९ टक्के. तेव्हा ‘उशीर’ हा शब्द उच्चारताना तो प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येतो, हे विचारलेच पाहिजे. मुलाला फोन मिळतो तो रोजगाराचे साधन म्हणून, आणि मुलीपासून तो राखला जातो तो घराच्या अब्रूच्या नावाने. ज्या विलंबात मुलासाठी एक तिथी आणि मुलीसाठी दुसरी, त्याला संस्कार म्हणता येणार नाही. तो जुनाच दुजाभाव होय.

या वादात मूलगामी वाटावा असा एक विचार पोप फ्रान्सिस यांच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या २०१६ च्या कुटुंबविषयक बोधपत्रात आढळतो. त्याचे सातवे प्रकरण मुलांच्या शिक्षणाविषयी आहे. मूल या क्षणी कोठे आहे याचा सतत माग काढणे म्हणजे शिक्षण नव्हे, त्याचे मन, त्याच्या आकांक्षा कोठे आहेत हे जाणणे महत्त्वाचे, असा त्यातील आशय. पुढे तेथेच इच्छा पुढे ढकलण्याचा विचार येतो. मुलांना विद्युत्-साधनांपासून दूर ठेवावे असे हे पत्र म्हणत नाही. यंत्राची गती जीवनातील सर्व गोष्टींना लागू होत नाही हे त्यांना उमजावे, थांबता यावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे. आपल्याकडील चर्चेत विलंब म्हणजे वयाची तारीख, तर येथे विलंब हा अंगी बाणवायचा गुण आहे. मात्र या पत्रासमोरही जे कुटुंब आहे ते बहुधा एका टेबलाभोवती जेवावयास बसणारे आहे. टेबलाशी बसूनही प्रत्येकाचे डोळे फोनमध्ये, ही त्यातील खंत. सहा महिने ज्यांची पंगतच मोडलेली असते त्यांच्यासाठी हा विचार आपणच पुढे नेला पाहिजे.

तो पुढे नेण्यास जालन्याच्याच मातीतील एक ग्रंथ साहाय्य करतो. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. जन्म १६०८ चा. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ या नावाचा आहे. लेखणी, शाई, कागद हे त्या काळचे तंत्रज्ञानच होते, आणि रामदासांनी त्याकडे त्याच दृष्टीने पाहिलेले आहे. अक्षर वाटोळे, मोकळे, सरळ असावे, ओळी नीट असाव्यात, भोवती जागा सोडावी, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत एकाच लेखणीने लिहिल्यासारखे वाटावे. तरुणपणी बारीक अक्षर काढून म्हातारपणी ते वाचता येऊ नये असे करू नये. लेखणी चांगली की वाईट, या वादात समर्थ शिरत नाहीत. कोणत्या वयात हाती द्यावी, याचीही चर्चा नाही. त्यांचे सारे लक्ष हात कसा चालावा याकडे आहे, आणि त्या शिकविण्यातच विलंब सामावलेला आहे. कारण एक अक्षर साधल्याविना पुढे जायचे नाही. मराठीत याला ‘वळण’ म्हणतात. अक्षरालाही वळण असते आणि मुलालाही वळणच लावतात. भाषेने दोन्हींसाठी एकच शब्द योजला, कारण दोन्हींत शेजारी बसून कित्ता गिरवून घेणारे कोणीतरी लागते.

शेजारी बसणाऱ्याला यंत्राचे ज्ञान अपुरे असले तर? त्याचेही उत्तर आपल्या वाङ्मयपरंपरेत आहे. १६१६ मध्ये, रामदास आठ वर्षांचे असताना, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ राचोलच्या छापखान्यात छापले गेले. मराठी काव्य, पण लिपी रोमन. कारण छापखान्याला नागरी अक्षरे बोलता येत नव्हती. यंत्र तोकडे होते, परंतु काय सांगायचे व कोणाला सांगायचे हे कवीला पक्के ठाऊक होते, म्हणून ते यंत्र मराठीच्या सेवेस लागले. जालन्याच्या वाडीतील आजीला पडद्यावरील खुणा कळत नसतील. खोटे बोलणे, कोणाची टवाळी, परक्याचा लाघवी आवाज हे तिला कळते. नातवाने जे पाहिले ते तिला मोठ्याने सांगावे, एवढी रीत घरात असली तर ती निरक्षर असूनही त्याला वळण लावू शकते.

यावरून विलंब व मार्गदर्शन यांची वाटणी वेगळ्या रीतीने करावीशी वाटते. विलंब मालकीचा असावा : स्वतःचा, खिशातला, पांघरुणाखाली जाणारा फोन शाळकरी वयात नको, मुलालाही नको आणि मुलीलाही नको, दोघांनाही एकच वय. वापर मात्र घरच्या फोनवर, ओसरीवर, कोणाच्या तरी देखत व्हावा, आणि त्यात मुलीचाही तितकाच वाटा असावा. आईबापांचा फोन येण्याची वेळ ही त्या घराची प्रार्थनेसारखी राखलेली वेळ असावी. तेव्हा दुसरे काही पडद्यावर येऊ नये. हंगामी वसतिगृह असेल तेथे हे काम शिक्षकाचे व काळजीवाहकाचे, आणि ते त्यांच्या कर्तव्यात लिहिलेले असावे. कृपा म्हणून सोडलेले नसावे.

हा निष्कर्ष पुन्हा त्या निबंधाच्या वहीतला आहे, असा आक्षेप येईल. एक फरक नोंदवितो. वहीतला निबंध विवेकाचा भार वापरणाऱ्यावर टाकून मोकळा होत असे. येथे तो भार कोणी, कोणत्या घटकेस, कोठे बसून उचलायचा हे सांगण्याचा प्रयत्न आहे. आणि अंबडच्या वाडीतील आई पाच महिने दूर असताना तो भार एकट्या कुटुंबाने उचलावा, असे म्हणण्याचा अधिकार तिच्या तोडलेल्या उसाची साखर खाणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही नाही.