एडगर स्ट्रीटवरचा चिखल

फुटबॉलपटू रॉनी रॅडफर्डचा 1972 मधला गोल इंटरनेटवर सहज सापडतो. बहुतेक चित्रफिती त्याच्या फटक्यापाशीच सुरू होतात. तीस यार्डांवरून चेंडू सुटतो, न्यूकॅसलचा गोलरक्षक विली मॅकफॉल झेपावतो आणि चेंडू वरच्या कोपऱ्यात शिरतो. एवढं पाहूनही माणूस खूश होतो. माझ्या मते मात्र या गोलाची खरी गोडी फटक्याच्या आधीच्या काही क्षणांत आहे, आणि ती कळायला हेरफर्ड युनायटेड हा त्याचा क्लब थोडा तरी माहीत हवा.

इंग्लंडमध्ये वरच्या चार विभागांतल्या ब्याण्णव क्लबांना ‘लीग’चे क्लब म्हणतात. त्यांच्या खालचे सगळे नॉन-लीग. तिथले बरेच खेळाडू आठवडाभर दुसरं काम करून शनिवारी खेळायचे. रॅडफर्ड स्वतः सुतारकाम करायचा. 1972 साली हेरफर्ड सदर्न लीगमध्ये होता. त्या काळी खालून वर जायचा रस्ता गुणतक्त्यातून जात नव्हता. मैदानावर कितीही जिंका, लीगमधल्या क्लबांनी मतं दिली तरच दार उघडायचं. त्यामुळे अशा क्लबांना स्वतःची ताकद दाखवून द्यायला एकच मोठं व्यासपीठ होतं, ते म्हणजे एफए कप. त्या कपात लहान-मोठे सगळेच एका सोडतीत येतात.

त्या वर्षी तिसऱ्या फेरीत हेरफर्डची गाठ पहिल्या विभागातल्या न्यूकॅसलशी पडली. न्यूकॅसलच्या मैदानावर हेरफर्डच्या ब्रायन ओवेनने सतराव्या सेकंदाला गोल केला, आणि पुढे पिछाडीवर पडल्यावर खेळाडू-व्यवस्थापक कॉलिन ॲडिसनने लांबून मारलेल्या फटक्याने सामना 2-2 असा सोडवला. फेरसामना पावसामुळे पुन्हा पुन्हा पुढे गेला आणि शेवटी 5 फेब्रुवारीला, म्हणजे चौथ्या फेरीच्या दिवशी, हेरफर्डच्या एडगर स्ट्रीट मैदानावर झाला. चौदा हजारांवर माणसं आत होती. ज्यांना जागा मिळाली नाही ती झाडांवर चढली. गवत जवळपास उरलंच नव्हतं, होता तो निव्वळ चिखल.

ब्याऐंशीव्या मिनिटाला न्यूकॅसलच्या माल्कम मॅक्डोनल्डने डोक्याने गोल केला. संपलं, असं वाटावं अशी ती वेळ. त्यानंतर जेमतेम तीन-चार मिनिटं गेली असतील.

आता सावकाश पाहा. मैदानाच्या मध्याच्या पुढे चेंडू कुणाचाच नाही. रॅडफर्ड आणि न्यूकॅसलचा जॉन ट्यूडर दोघेही त्यावर तुटून पडतात. ट्यूडर खाली पडतो आणि रॅडफर्ड चेंडू घेऊन निघतो. पंचाऐंशी मिनिटं चिखल तुडवल्यावरही त्याच्या त्या झडपेत थकवा दिसत नाही. तो चेंडू पुढे ओवेनकडे देतो आणि थांबत नाही, धावतच राहतो. ओवेन पाठीवर बचावपटू घेऊन उभा आहे. तो उगाच वळायला जात नाही. एका स्पर्शात चेंडू रॅडफर्डच्या वाटेवर परत ठेवतो. त्या खराब जमिनीवर चेंडू किंचित उसळतो. सफाईदार हिरवळीवर तो असा उसळला नसता, आणि रॅडफर्डच्या उजव्या पायाला तो असा अधांतरी मिळालाही नसता. दिवसभर ज्या चिखलाने दोन्ही संघांना जेरीस आणलं, त्यानेच इथे चेंडू उचलून दिला. तरीही धावता धावता ती उसळी ओळखून, पाय मागे नेऊन, तोल न जाऊ देता चेंडूच्या मधोमध मारणं हे रॅडफर्डचंच कसब. नशीब म्हणून ते बाजूला सारू नये.

समालोचन हाही या गोलाचाच भाग आहे. जॉन मॉट्सन तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि बीबीसीत अजून उमेदवारी करत होता. सामन्याचं महत्त्व इतकं कमी धरलं होतं की बीबीसीच्या फुटबॉल कार्यक्रमाच्या शेवटी त्याला थोडीशीच जागा मिळायची होती. तो ट्यूडर पडल्याचं सांगतो, मग रॅडफर्डचं नाव घेतो, अगदी कामापुरत्या आवाजात. फटका बसण्याआधी तो अजिबात ओरडत नाही. चेंडू जाळीत गेल्यावरच त्याचा आवाज फुटतो, आणि मग तो रॅडफर्डचं पूर्ण नाव उच्चारतो. आधी नोंद, मग आनंद, मग नाव, असा तो क्रम आहे. आजचे समालोचक पंधरा यार्ड आधीपासून तार स्वरात असतात. मॉट्सनच्या त्या क्षणभराच्या संयमामुळेच हा गोल कानांतही राहिला. त्यानंतर रॅडफर्ड दोन्ही हात वर करून धावत सुटतो आणि हिवाळी कोट घातलेली शाळकरी पोरं चारी बाजूंनी मैदानात घुसतात. बीबीसीने याला त्या हंगामातला सर्वोत्तम गोल ठरवलं.

पण या गोलाने फक्त 1-1 अशी बरोबरी झाली होती. जिंकून दिलं ते रिकी जॉर्जने, आणि त्याच्या वाट्याला आलेली प्रसिद्धी मला आजही अपुरी वाटते. अखेरच्या टप्प्यात रॉजर ग्रिफिथ्सच्या जागी तो मैदानात आला. ग्रिफिथ्सचा पाय मोडला होता हे नंतर कळलं. बाहेर येईपर्यंत तो त्याच पायावर खेळत होता. जादा वेळेत, 103व्या मिनिटाला, डडली टायलरकडून आलेला चेंडू जॉर्जने पेनल्टी क्षेत्रात घेतला, अंग वळवलं आणि खालून तिरपा दूरच्या कोपऱ्यात सारला. न्यूकॅसलच्या बॉबी मॉन्करचा पसरलेला पाय चेंडूपर्यंत पोहोचला नाही. फटक्यात जोर असा फारसा नाही, आहे ती नेमकी दिशा. अशा चिखलात, अशा घडीला इतकं शांत डोकं राहणं अवघड असतं. 1949 मध्ये योव्हिलने संडरलँडला हरवलं होतं. त्यानंतर नॉन-लीग क्लबाने सर्वांत वरच्या विभागातल्या संघाला हरवण्याची ही पहिलीच वेळ.

चेंडू देणारा टायलर हा या संघातला मला सर्वांत आवडणारा खेळाडू. हृदयाला छिद्र असल्यामुळे त्याच्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली होती, आणि तरी तो विंगवर बचावपटूंना पळवून दमवायचा. त्याच वर्षी वेस्ट हॅमने त्याला 25 हजार पौंडांना घेतलं. नॉन-लीग खेळाडूसाठी तेव्हा ती विक्रमी किंमत होती. पुढे तो हेरफर्डलाच परत आला.

आणि या सगळ्यांच्या मागे उभा होता जॉन चार्ल्स. लीड्स आणि युव्हेंटस गाजवलेला, इटालियन प्रेक्षकांनी ‘सौम्य महाकाय’ म्हणून डोक्यावर घेतलेला हा वेल्श खेळाडू 1966 मध्ये हेरफर्डला आला आणि पुढे खेळाडू-व्यवस्थापक झाला. 1971 मध्ये तो गेल्यावर ॲडिसनच्या हाती जो संघ आला, तो बराचसा चार्ल्सच्या काळात जमलेला होता. विजयाचं श्रेय ॲडिसनला मिळालं आणि ते त्याचं होतंच, कारण मैदानात उतरून लढला तो. पण पायाभरणी करणाऱ्याचं नाव त्या दिवसाच्या आठवणीत कमी येतं.

पुढच्या फेरीत वेस्ट हॅमला एडगर स्ट्रीटवर 0-0 असं रोखल्यावर फेरसामन्यात जेफ हर्स्टच्या तीन गोलांनी हेरफर्डची वाट संपली. पण काम झालं होतं. त्याच उन्हाळ्यात मतं मिळाली आणि बॅरो या क्लबाच्या जागी हेरफर्ड लीगमध्ये आला. चारच वर्षांत जॉन सिलेटच्या हाताखाली तिसरा विभाग जिंकून तो दुसऱ्या विभागात पोहोचला. हाच सिलेट 1989 मध्ये कॉव्हेंट्रीचा व्यवस्थापक असताना त्याचा संघ सटन युनायटेड या नॉन-लीग क्लबाकडून हरला. एडगर स्ट्रीटवरच्या माणसांना त्या दिवशी कुणासाठी वाईट वाटावं हेही कळलं नसेल.

2014 च्या डिसेंबरमध्ये कर्जापायी हेरफर्ड युनायटेड बंद पडला. चाहत्यांनी नवा क्लब उभारला आणि तो त्याच मैदानावर खेळू लागला. रॅडफर्ड 2022 च्या नोव्हेंबरमध्ये गेला, मॉट्सन पुढच्या फेब्रुवारीत. हा गोल पाहायचा असेल तर पूर्ण चित्रफीत शोधा. ट्यूडर पडतो तिथून सुरुवात करा, आणि रिकी जॉर्जचा गोल होईपर्यंत बंद करू नका.