कवितेतील मळभ आणि मराठवाड्यातील वाचक : एक समीक्षात्मक विचार

मराठी काव्यसमीक्षेत हवामान आणि मनःस्थिती यांचे नाते बहुतेक वेळा गृहीत धरले जाते. आभाळ भरून आले की मन झाकोळते, पाऊस रिमझिमला की आठवण दाटते, शहरावर धुके उतरले की एकाकीपण वाढते, अशी विधाने रसग्रहणात इतक्या सहजपणे येतात की त्यांचा पुरावा मागण्याची गरज कोणाला वाटत नाही. पदवीच्या वर्गात हीच विधाने टिपणांत उतरतात आणि उत्तरपत्रिकांतून परत येतात. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात, तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पाच्या परिसरात असलेल्या माकणीसारख्या गावातून येणारा विद्यार्थीही ढगाळ वातावरणातून कवीने उदासीनता सूचित केली आहे, असे लिहून मोकळा होतो. (उदासी आणि उदासीनता यांतील गल्लत हा निराळा विषय आहे.) वस्तुतः त्याच्या घरी मृगाच्या तोंडावर आभाळ आले तर कोणी खिन्न होत नाही, आभाळ आले आणि न बरसता निघून गेले, तरच घर गप्प होते. उदास हवामानाचा हा संकेत मराठी कवितेत कोठून आला आणि त्याच्या सर्रास वापरामुळे वाचनात काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात केलेला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. संस्कृतात ढगांनी झाकलेल्या दिवसाला ‘दुर्दिन’ असा शब्द आहे. मेघ दिसला की सुखी माणसाचेही चित्त ठिकाणावर राहत नाही, हा ‘मेघदूता’तील विचार विरहकाव्याच्या परंपरेत इतका रुजला की मेघ आणि हुरहुर यांची जोडी पुढे कधी सुटली नाही. इंग्रजी शिक्षणाने याच जोडीला दुसरा आधार दिला. इंग्रजीत ‘रेनी डे’ म्हणजे अडचणीचा दिवस. आपल्याकडील शाळांनी मात्र तोच शब्द सुट्टीचा आनंद म्हणून घेतला, ही गंमतीची गोष्ट आहे. मराठीत ‘मळभ’ हा शब्द आभाळासाठी आणि मनासाठी सारखाच वापरला जातो. परंतु याच भाषेत वाईट दिवसांसाठी जो सर्वांत जड शब्द आहे तो ‘दुष्काळ’ होय, आणि दुष्काळाचे आभाळ निरभ्र असते. एका शब्दात ढग म्हणजे वाईट दिवस आणि दुसऱ्यात ढग नसणे म्हणजे वाईट काळ, असे हे दोन अनुभव मराठीत शेजारी शेजारी नांदत आलेले आहेत. समीक्षेने त्यांपैकी पहिलाच प्रमाण मानला.

निसर्गावर मानवी भावनांचा आरोप करण्याच्या प्रवृत्तीवर जॉन रस्किन यांनी १८५६ मध्येच बोट ठेवले होते. पुढे मानसशास्त्रानेही हवामान आणि मन यांच्या संबंधाची दखल घेतली. नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ऋतुजन्य विषादाचे वर्णन केले. हा विषाद मुख्यतः हिवाळ्यातील लहान होत जाणाऱ्या दिवसांशी आणि कमी झालेल्या प्रकाशाशी जोडला गेला. तथापि त्याचा हवाला देऊन मराठी कवितेतील पावसाळी उदासी समजावून सांगणे सयुक्तिक नाही. लंडनमध्ये डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस आठ तासांहून कमी असतो आणि जूनमधील सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांच्या पुढे जातो. माकणी १८ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळपास आहे. तेथे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांत सुमारे दोन तासांचाच फरक पडतो. मनाला प्रकाशाची वाण पडावी अशी ही भूमी नव्हे. येथे कमतरता पडते ती सावलीची आणि पाण्याची.

महानगराच्या कवितेला तरी हा संकेत कितपत लागू पडतो? मराठी नवकवितेतील औदासीन्याचा विषय निघाला की बा. सी. मर्ढेकर यांचे नाव प्रथम येते. ‘काही कविता’ (१९४७) मधील मुंबईला यंत्राची, गर्दीची आणि घड्याळाची मुंबई म्हटले जाते, ते योग्यच आहे. टी. एस. एलियट यांच्या ‘द वेस्ट लँड’ (१९२२) मधील धुक्यात बुडालेल्या लंडनशी तिची तुलनाही वारंवार झालेली आहे. या तुलनेत एक गोष्ट दुर्लक्षित राहते. एलियट यांच्या लंडनवर धुके आहे. मर्ढेकरांच्या मुंबईतील खिन्नतेला मात्र हवामानाचा टेकू लागत नाही. पिंपात मेलेल्या उंदरांच्या त्यांच्या बहुचर्चित कवितेत ओल आहे, पण ती पावसाची ओल नव्हे. ती पिंपातली, कोंडलेली ओल आहे. त्या ओलीवर आभाळच नाही. उलट, शहराच्या हवेकडे मर्ढेकर डोळे उघडून पाहतात तेव्हा माघातल्या सकाळी उजळत जाणारे मुंबई बंदर त्यांना न्हालेल्या गर्भवतीसारखे प्रसन्न दिसते. म्हणजे मराठीतील सर्वांत उदास मानल्या गेलेल्या शहरकवीला हवामानाने दिलेला क्षण प्रसन्नतेचा आहे आणि त्याची खिन्नता हवामानाबाहेरची आहे. मर्ढेकरांवरील लेखनात या कवितेचा उल्लेख पुष्कळदा होतो, तो बहुधा अपवाद म्हणून. तिला अपवाद ठरवण्याची घाई समीक्षेने करायला नको होती.

मुंबईकरांचे आभाळाशी असलेले नाते बदलले ते निराळ्याच कारणाने. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. धाराशिव जिल्ह्याच्या वार्षिक सरासरीहून तो अधिक होता. त्यानंतर जुलैतल्या काळ्या ढगांकडे पाहताना त्या शहरात जी चलबिचल होते, तिला उदासी म्हणता येणार नाही. ती भीती आहे. लोकल बंद पडेल काय, घरी पोहोचता येईल काय, हे प्रश्न त्या ढगांबरोबर येतात. काव्यसंकेतातल्या हळव्या पावसाला या पावसाची ओळख नाही.

ग्रेस यांच्या कवितेत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) या संग्रहाने मराठीत कातरवेळेची एक स्वतंत्र हवाच निर्माण केली. आईच्या जाण्याला रिमझिम पावसाची साथ देणारी त्यांची कविता गीत म्हणून घरोघरी पोहोचली, आणि पाऊस म्हणजे दुःख हे समीकरण सामान्य रसिकाच्या मनात पक्के होण्यात तिचा वाटा मोठा आहे. परंतु ग्रेस राहत होते ते नागपुरात. मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास तापणारे, मराठवाड्यातील कोणत्याही गावाला परके न वाटणारे असे ते शहर आहे. त्यांच्या कवितेतील ओलसर, धूसर, निळसर हवा नागपूरच्या वेधशाळेच्या नोंदीत शोधून सापडणार नाही. शहराने कवीला ती मनःस्थिती दिली नसून मनःस्थितीने स्वतःला हवे ते हवामान निवडले, असेच म्हणावे लागते. यक्षाचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे परंपरा मानते. तेथेही मेघ विरहाचा झाला तो यक्षाच्या शापामुळे. त्याच आषाढात त्याच माळावर पेरणीला निघालेल्या कुणब्याने त्या मेघाकडे कसे पाहिले असेल, हा प्रश्न काव्याच्या कक्षेबाहेरचा नाही. ‘मेघदूता’तील ग्रामीण स्त्रिया शेती त्याच्यावर अवलंबून असल्यामुळे मेघाकडे स्नेहाने पाहतात, हे कालिदासाने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. समीक्षेला यक्ष आठवतो, त्या स्त्रिया आठवत नाहीत.

ज्या १९६७ साली ‘संध्याकाळच्या कविता’ आल्या, त्याच साली ना. धों. महानोर यांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रहही प्रसिद्ध झाला. या दोन संग्रहांची तुलना करताना ग्रेस दुःखाचे कवी आणि महानोर निसर्गाच्या उल्हासाचे कवी, अशी वाटणी केली जाते. ‘निसर्गकवी’ आणि ‘रानकवी’ ही बिरुदे महानोरांना चिकटली ती कायमचीच. येथे ‘रान’ या शब्दाचा अर्थ तपासणे आवश्यक आहे. पुण्यामुंबईच्या वाचकाला रान म्हणजे जंगल, मोकळा निसर्ग वाटतो. मराठवाड्यात ‘रानात गेलाय’ याचा अर्थ शेतात गेला आहे, एवढाच होतो. रान म्हणजे कसलेली, पेरलेली, कर्ज काढून उभी केलेली जमीन. पळसखेड्यात स्वतः शेती करणाऱ्या कवीच्या संग्रहाचे नाव या अर्थाने वाचले की त्यातील ढगांचा आनंद निसर्गप्रेमाचा राहत नाही. तो सुटकेचा आनंद होतो, आणि सुटकेच्या आनंदात अगोदरच्या धास्तीचा अंश असतोच. महानोरांच्या कवितेतील ओथंबलेपण, देहभान हरपणे, स्त्री आणि भूमी यांचे एकरूप होणे यांवर विपुल लिहिले गेले आहे. त्या ओथंबलेपणाच्या आधी किती दिवस आभाळ कोरडे होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. कविता तो प्रश्न दर वेळी उच्चारीत नाही, कारण तिच्या पहिल्या श्रोत्याला तो सांगावा लागत नाही.

मराठवाड्यात आभाळाचा अर्थ महिन्यावर ठरतो, ही गोष्ट वाचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मृग आणि आर्द्रा नक्षत्रांत ढग म्हणजे पेरणी. पेरणीनंतर लांबलेली उघडीप ही खरी उदास हवा. स्वच्छ ऊन, निळे आभाळ, जोराचा वारा, आणि रोज थोडी थोडी माना टाकणारी रोपे. शहरातील पाहुण्याला त्या दिवशी हवा ‘छान’ वाटते. सोयाबीन काढणीला आले असता उत्तरा किंवा हस्त नक्षत्रात तेच ढग आले तर जीव खालीवर होतो, कारण काढून टाकलेल्या शेंगांना कोंब फुटतात. तूर फुलोऱ्यात असताना दोन-चार दिवस मळभ राहिले की फूलगळ आणि अळी यांची चर्चा पारावर सुरू होते. हे मळभ मनावर येते ते प्रकाश कमी झाल्यामुळे नव्हे, तर फवारणीचा खर्च वाढल्यामुळे. असे असताना ‘ढगाळ वातावरण’ या दोन शब्दांवरून कवितेचा भाव ठरवणे, कविता कोणत्या महिन्यातली आहे हे न पाहता, ही पद्धत या प्रदेशातील वाचकाला तरी पुरेशी नाही.

भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेने हा विचार आणखी एका टोकाला नेलेला आहे. चंदनशिव धाराशिव जिल्ह्यातील कळंब परिसराचे. या कथेत आभाळाने कोणताही दगा दिलेला नाही. टोमॅटोचे पीक भरपूर आले आहे, बाजारात त्याला भाव नाही, आणि अखेरीस शेतकरी स्वतःच्या हाताने पिकवलेला माल पायांखाली तुडवतो. हवामान अनुकूल असताना आलेली ही विषण्णता हवामानाच्या कोणत्याही प्रतिमेत बसवता येत नाही. ग्रामीण साहित्याची चर्चा करताना पाऊस आणि दुष्काळ यांभोवतीच घोटाळणाऱ्या समीक्षेला या कथेने फार पूर्वी दिलेला हा इशारा होता.

तथापि मराठवाड्यातील माणसाला ढग नेहमी सुखावतात, असा उलटा संकेत रूढ करणेही तितकेच चुकीचे होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. सास्तूर हे लोहारा तालुक्यातीलच गाव. त्यानंतर कित्येक दिवस माणसे छताखाली झोपायला धजावत नव्हती. उघडे आभाळ हेच सुरक्षित घर होते आणि त्या काळात येणारा पाऊस त्यांचे तेवढेही घर काढून घेत होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आभाळाकडे पाहणे लोकांनी जवळजवळ सोडून दिले होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान सुरू करण्यात आले. माणसाचे मनोधैर्य हा शासनाचाही विषय आहे, हे त्यातून मान्य झाले. अशा जिल्ह्यात मनःस्थिती वाचण्याचे शिक्षण कवितेच्या तासाला मिळत असेल, तर तेथे आयात केलेले संकेत पाठ करून घेणे निरुपद्रवी राहत नाही. निरभ्र आभाळाखाली गप्प बसलेल्या बापाचे मौन ज्या मुलाला कळते, त्याला कवितेत फक्त ढगाखालीच दुःख शोधायला शिकवले जाते.

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. भूम आणि परंडा तालुक्यांत पुराने शेतातील उभ्या पिकांबरोबर मातीही वाहून नेली, जनावरे दगावली, आणि ‘ओला दुष्काळ’ जाहीर करण्याची मागणी जिल्हाभर झाली. हा शब्द नवा नाही, पण ‘दुर्दिन’ आणि ‘दुष्काळ’ हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र आले आहेत. पावसाची वाट पाहणाऱ्या बोलीने पावसालाच दुष्काळ म्हणावे, ही स्थिती महानोरांच्या पिढीतील पाऊसकवितेने गृहीत धरलेली नव्हती. त्या सप्टेंबरात ज्याचे रान वाहून गेले अशा घरातील विद्यार्थी येत्या सत्रात ‘रानातल्या कविता’ वाचेल, तेव्हा पहिल्या ढगाशी त्याने काय लिहावे, याचे उत्तर सध्याच्या टिपणांत नाही. ते त्याच्याकडूनच ऐकावे लागेल.