‘धर्मवीर’ आणि मतपत्रिकेवर नसलेला माणूस

खोपटमध्ये राहून ‘धर्मवीर’वर टीका लिहिणं म्हणजे आरती चालू असताना मूर्तीची मापं घेण्यासारखं आहे. एसटी स्टँडबाहेरच्या रिक्षावाल्यापासून आमच्या सोसायटीच्या वॉचमनपर्यंत प्रत्येकाकडे आनंद दिघ्यांचा एकतरी किस्सा असतो. तरी लिहितोय. कारण प्रवीण तरड्यांचे हे दोन सिनेमे नुसते चरित्रपट नाहीत. पुढाऱ्याची श्रद्धा मतदारानं किती मोजावी, या प्रश्नाचं एक उत्तर ते देतात, आणि ते उत्तर मला पटत नाही.

आधी एक गंमत. दिघ्यांनी स्वतः कधी निवडणूक लढवलीच नाही. शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख म्हणून टेंभी नाक्यावरच्या आनंदाश्रमात बसून ते लोकांची गाऱ्हाणी ऐकायचे. २६ ऑगस्ट २००१ ला ते गेले, तेव्हा पन्नास वर्षांचे होते. मतपत्रिकेवर ज्याचं नाव कधी नव्हतं त्या माणसाच्या नावावर ठाण्यात मतं पडत राहिली, अजून पडतात. म्हणजे आपण उमेदवाराची श्रद्धाही बघत नाही, त्याच्या गुरूची बघतो!

पहिला भाग १३ मे २०२२ ला आला. प्रसाद ओकनं दिघे उभे केलेत यात वाद नाही. बसण्याची ढब, रोखलेली नजर, सगळं. पण पटकथेची एक खोड बघा. कुणाचं काम होतं, तेव्हा त्या कामाला लागूनच टिळा, आरती, गुरुपौर्णिमा येते. दोन्ही इतकं एकजीव केलंय की, हा माणूस रात्री-अपरात्री लोकांसाठी धावला तो देवभक्त होता म्हणून, की त्याच्या शब्दाला शहरात वजन होतं म्हणून, हे वेगळं करून विचारताच येत नाही. मला ते विचारायचंय. रोज पूजा करणारे नगरसेवक आपण सगळ्यांनीच पाहिलेत, आणि नळाला पाणी न येणारे वॉर्डही.

दुसऱ्या भागाच्या टीझरमध्ये बुरख्यातल्या बायका साहेबांना राखी बांधायला येतात, आणि त्यातल्या एकीला झालेली मारहाण साहेबांच्या लक्षात येते. थिएटरात टाळ्या वाजाव्यात असाच हा प्रसंग आहे. मला मात्र तिथे अस्वस्थ व्हायला झालं. त्या बाईला संरक्षण मिळतं ते भावाकडून. तिनं राखी बांधली नसती तर? नागरिक म्हणून पोलीस चौकीत तिची तक्रार लिहून घेतली गेली असती का, हा प्रश्न या गोष्टीत मावत नाही. श्रद्धाळू नेत्याच्या मायेवर आपलं भागत असेल तर हक्क कोण मागणार?

आणि माया करणाऱ्याला जाब कोण विचारणार? १९८९ ला ठाण्याचं महापौरपद शिवसेनेच्या हातून निसटलं. मत फुटल्याचा संशय ज्यांच्यावर होता त्या नगरसेवक श्रीधर खोपकरांचा खून झाला, दिघ्यांना टाडाखाली अटक झाली. पुढे ते जामिनावर सुटले आणि खटल्याचा निकाल लागायच्या आतच गेले. त्यामुळे त्यांना दोषी म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. पण ‘धर्मवीर’ हे बिरुद एकदा लागलं की असा प्रश्न काढणाराच धर्मद्रोही ठरतो, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

मग श्रद्धा अजिबात बघूच नये का? तेही मला पटत नाही. बघावी, पण ती दुसऱ्याच्या दारात पोचते तिथे. उदाहरण लांबचं नको, कल्याणजवळचा मलंगगडच घ्या. मुसलमानांसाठी तो हाजी मलंगचा दर्गा, हिंदूंसाठी मच्छिंद्रनाथांची समाधी. तिथली वहिवाट पिढ्यान् पिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे. इतका घोळदार, म्हणूनच इतका आपला प्रकार दुसरा सापडणार नाही. दिघ्यांनी ऐंशीच्या दशकात ‘मलंगमुक्ती’चं आंदोलन उभं केलं. जानेवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंद्यांनी तिथे जाऊन, दिघे साहेबांची ती इच्छा पूर्ण केल्याशिवाय राहणार नाही, अशा अर्थाचं सांगितलं. शिंदे मच्छिंद्रनाथांना मानतात की नाही, हा त्यांचा खाजगी मामला. पण मुख्यमंत्र्याच्या हातात पोलीस असतात, महसूल खातं असतं. तिथे येणाऱ्या दुसऱ्या भाविकांचं काय करणार, हे विचारणं मतदाराचं कामच आहे.

कायदा याबाबतीत फार पुरा पडत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) धर्माच्या नावावर मत मागायला बंदी करतं. त्यावरून विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक रद्द झाली, आणि त्या प्रचारातल्या भाषणांपायी बाळासाहेब ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी ही बंदी आणखी रुंद केली: उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्मही पुढे करायचा नाही. पण सिनेमा काही मत मागत नाही. ‘साहेबांच्या हिंदुत्वाची गोष्ट’ असं उपशीर्षक लावून ‘धर्मवीर २’ २७ सप्टेंबर २०२४ ला लागला, आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. दिवंगत माणसाला आचारसंहिता नसते.

त्याच वर्षीच्या लोकसभेत तर ठाण्यात फारच मजा होती. नरेश म्हस्के आणि राजन विचारे, दोघेही शिवसैनिक, दोघेही दिघ्यांचे शिष्य, दोघांचंही हिंदुत्व एकाच शाळेतलं. श्रद्धेच्या तराजूत दोन्ही पारडी सारखीच. तिथे मतदारानं काय बघून बटण दाबलं असेल? चिन्ह, पैसा, ओळख, लोकलची गर्दी, घोडबंदरचा ट्रॅफिक, काहीही असेल. पण श्रद्धा नक्कीच नसणार. अशा लढतीत श्रद्धा निवड करायला उपयोगी पडत नाही, ती फक्त मैदानाला कुंपण घालते. कुंपणाबाहेरच्या उमेदवाराकडे कुणी बघतही नाही.

नोव्हेंबरात कोपरी-पाचपाखाडीच्या मतदानयंत्रावर दिघे हे आडनाव होतं. साहेबांचे पुतणे केदार दिघे ठाकरे गटाकडून शिंद्यांसमोर उभे होते. ते एक लाख वीस हजारांहून जास्त मतांनी हरले. त्या मतदारसंघातल्या माझ्या एका मित्रानं दोन्ही सिनेमे पहिल्याच दिवशी पाहिलेत, दोन्ही वेळा रडलाय. मत का दिलंस विचारल्यावर तो किसननगरच्या क्लस्टरबद्दल अर्धा तास बोलला.