‘नोंद करणे’ आणि ‘नोंद घेणे’ : कुरुळी परिसरातील विदा-कौशल्याचा विचार

पुणे-नाशिक महामार्गावरील कुरुळी हे खेड तालुक्यातील गाव आज पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात येते. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, आणि पुढे मोटारधंद्याच्या मागोमाग सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने या भागात पसरले. प्रदेशाची यापुढील आर्थिक वाढ कामगारांच्या विदा-कौशल्यावर अवलंबून राहील, असे अलीकडे वारंवार प्रतिपादिले जाते. हे प्रतिपादन रास्त आहे; परंतु त्यात ‘कौशल्य’ या शब्दाचा जो अर्थ गृहीत धरला जातो, तो तपासून पाहणे अवश्य आहे.

‘डेटा’ या शब्दाचे लॅटिन मूळ ‘दिलेले’ या अर्थाचे आहे. ‘विदा’ हा मराठी पर्याय ‘जाणणे’ या अर्थाच्या विद् धातूकडे नेतो. कारखान्यातील कामगार मात्र ‘रीडिंग घेतो’. त्याच्या लेखी आकडा दिलेला नसतो, आणि आपोआप कळलेलाही नसतो. तो मायक्रोमीटर लावून घ्यावा लागतो. याहून महत्त्वाचा भेद मराठीच्या नित्य व्यवहारातच आहे. ‘नोंद करणे’ म्हणजे लिहून ठेवणे. ‘नोंद घेणे’ म्हणजे लिहिलेल्याची दखल घेणे. विदा-कौशल्याच्या नावाखाली जे शिकविले जाते, ते बहुधा पहिल्या क्रियेपाशी थांबते. संगणकावरील तक्ता भरता येणे हेच शिक्षणाचे साध्य मानले जाते.

समजा, एका दांड्याचा व्यास २५ मिलिमीटर हवा असून ०.०२ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. लागोपाठची मापे २५.००४, २५.००८, २५.०११, २५.०१५ अशी आली. नोंद करणाऱ्याच्या दृष्टीने चारही नग मर्यादेत आहेत, म्हणून निर्दोष. नोंद घेणाऱ्यास मात्र मापे एकाच दिशेने सरकत आहेत हे दिसते. हत्यार झिजत असावे, अशी शंका त्यास येते, आणि माल नाकारला जाण्यापूर्वीच तो यंत्र थांबवितो. लहान कारखान्याचा नफा या दोन दृष्टींमधील अंतरावर ठरतो.

ही दृष्टी नवी नव्हे. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेख मांडला, तो याच प्रयोजनाने. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतात येऊनही गेले. डेमिंग यांची जपानमधील व्याख्याने त्यानंतरची, १९५० सालची. तथापि जपानात ही विद्या तंत्रज्ञांपुरती राहिली नाही. १९६२ साली तेथे मुकादमांसाठी त्यांच्याच भाषेत गुणवत्ता-नियंत्रणाचे नियतकालिक निघाले, आणि त्याच्या वाचनातून कामगारांची अभ्यासमंडळे उभी राहिली. भारतात ही विद्या आधी पोहोचली, पण मुख्यतः इंग्रजीतच राहिली. विद्येचे स्थलांतर झाले. भाषांतर झाले नाही.

यावर असा आक्षेप येईल की, या पट्ट्यातील कामगार मराठवाड्यातून व विदर्भातून येतो, तसाच उत्तर भारतातूनही येतो. केवळ मराठी परिभाषेने काय साधणार? आक्षेप खरा आहे. परंतु त्याचे उत्तर इंग्रजी पडदा हे नव्हे. ‘विचरण’, ‘प्रमाण विचलन’ असे शब्द कोशात असून भागत नाही; ‘फरक’, ‘कल’, ‘झीज’ हे यंत्रापाशी वावरणारे शब्द शिक्षणाचा पाया व्हावयास हवेत. त्यांतील ‘फरक’ तर मराठी व हिंदी भाषिकांस सारखाच कळतो.

प्रश्न केवळ शब्दांचा नाही. जो आकडा घेतो त्यास तो वाचण्याचा अधिकार नसेल, तर तो कितीही वर्षे तक्ते भरून शिकाऊच राहील, आणि त्याच्या आकड्यांचा अर्थ दुसरेच कोणी लावतील. कुरुळीच्या परिसरात आकड्यांचा तुटवडा नाही. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसास त्यांची नोंद घेता येते काय, यावरूनच तेथील विदा-शिक्षणाचे मूल्यमापन झाले पाहिजे.